सासू-सासऱ्यांना स्वीडिश व्हीगन जेवण खाऊ घालायचंय? आधी सॉस बघा, मग गोळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहणाऱ्या एका पुणेकर सुनेकडे जूनच्या शेवटी सासू-सासरे येताहेत, ते थेट ऑगस्टपर्यंत राहणार आहेत. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारे. इतक्या लांब येऊन रोज पोळी-भाजीच काय खायची, म्हणून तिला त्यांना इथलं जेवण दाखवायचंय. स्वीडिश घरगुती पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य करून वाढणारं एक रेस्टॉरंट तिने हेरूनही ठेवलंय. शंका तीन. मांसासारखा दिसणारा गोळा ताटात आला तर सासूबाईंना किळस येईल का? सगळं मिळमिळीत लागेल का? आणि आषाढीपासून त्या कांदा-लसूण सोडतात, त्याचं काय करायचं?

मी इथल्या व्हीगन स्वयंपाकघरांत बरीच वर्षं काम करते, त्यामुळे उत्तर पाहुण्याच्या बाजूने कमी आणि शेगडीच्या बाजूने जास्त येईल. आधी निकाल सांगून टाकते: जरूर न्या. फक्त पहिल्याच दिवशी मीटबॉल मागवू नका.

इथल्या रोजच्या घरगुती स्वयंपाकाला हूसमान्सकोस्त म्हणतात. शाळेच्या कँटीनमध्ये, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, आजीच्या टेबलावर मिळणारं साधं जेवण. जगाला ते मीटबॉलमुळे माहीत झालं, आणि तेही बरंचसं एका फर्निचरच्या दुकानाच्या कृपेने. पण त्या ताटातले गोळे उचलून बाजूला ठेवले तरी अर्ध्याहून अधिक जेवण जागेवर राहतं: कुस्करलेला बटाटा, साईचा तपकिरी सॉस, साखरेत चुरडलेली लिंगोनची लाल आंबट फळं आणि व्हिनेगर-साखरेत दाबून मुरवलेली काकडी. चव या चौघांची आहे. गोळा दाताखाली काहीतरी यावं एवढ्यापुरता. शिवाय लिंगोन आणि काकडी मुळातच वनस्पतीजन्य, त्यांना हात लावायची गरजच नाही. लोणी आणि मलईवर उभे असलेले बटाटा आणि सॉस हे दोन पदार्थ मात्र व्हीगन स्वयंपाकघराची खरी परीक्षा घेतात. गिऱ्हाईक गोळ्याकडे बघत बसतं आणि स्वयंपाकी सॉसशी झुंजत असतो.

म्हणून सॉसबद्दल जरा सविस्तर सांगते. पारंपरिक पद्धतीत मांस भाजलेल्या तव्याला जी खरपूस खरवड चिकटते, ती पाण्याने सोडवून घेतात. मग त्यात मलई, थोडा सोया सॉस आणि चमचाभर ब्लॅककरंटची जेली. सोया सॉस ऐकून दचकू नका, इथल्या आज्यांच्या सॉसमध्येही तो असतो. व्हीगन स्वयंपाकघरात खरवड मशरूमची करावी लागते. चिरलेले मशरूम आधी कोरड्या तव्यावर, त्यांचं पाणी सुटून आटेपर्यंत परतायचे, तेल त्यानंतर, आणि ते गडद तपकिरी होईपर्यंत धीर धरायचा. वाळवलेल्या कार्ल-योहान मशरूमचं (हो, राजाच्या नावाचं) भिजवलेलं पाणी वापरलं असेल तर सोन्याहून पिवळं.

मलईच्या जागी येते ओटची मलई. हा शोध इथलाच. लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड एस्टे यांच्या संशोधनातून 1990 च्या दशकात ओटचं दूध आलं आणि 1994 मध्ये त्यातून ओटली ही कंपनी निघाली. आज इथल्या जवळपास प्रत्येक किराणा दुकानात ओटची मलई असते. पण तिच्या दोन खोडी आहेत. ओटमधल्या स्टार्चचं एन्झाइम घालून विघटन करतात, त्यातून माल्टोज ही साखर तयार होते, म्हणून ती मुळातच गोडसर असते. आणि तिच्यात स्निग्धांश साधारण 13 टक्के, तर दुधाच्या घट्ट मलईत 40 टक्के. त्यामुळे सॉस नुसता आटवून दाट होत नाही. आळशी स्वयंपाकी मग मैदा वाढवतो आणि सॉसची खळ होते. चांगला स्वयंपाकी मोहरी, व्हिनेगर आणि खरवडीचा कडवटपणा यांनी गोडवा मोडतो आणि स्निग्धतेसाठी रेपसीड तेल नाहीतर चांगलं मार्गारिन घोटतो. ओळखायचं कसं? शेजारच्या टेबलावर ताट येईल तेव्हा नजर टाका. सॉस गडद, चकचकीत आणि बटाट्याला धरून राहणारा असेल तर निश्चिंत मागवा. फिकट बेज रंगाचा दिसला तर मी स्वतः सूप मागवते.

बटाट्याचंही तसंच. गोड ओटचं दूध ओतलेला लगदा दोन घासांत नकोसा होतो. बटाट्याचं उकळलेलं पाणी, तेल, मीठ आणि पांढरी मिरी घालून केलेला चांगला लागतो. गंमत म्हणजे बटाटा इथे तसा उशिरा रुजला. योनास आल्स्ट्रमर यांनी 1720 च्या दशकात त्याचा प्रचार सुरू केला, तेव्हा लोकांना त्यात फारसा रस नव्हता. पुढे एव्हा एकेब्लाड यांनी बटाट्यापासून पीठ आणि दारू काढून दाखवली, 1748 मध्ये विज्ञान अकादमीने त्यांना पहिली स्त्री सदस्य म्हणून घेतलं, आणि हळूहळू बटाट्याचे दिवस पालटले. पोटापेक्षा प्याल्याने त्याचं नशीब उघडलं, असं इथले लोक स्वतःच हसून सांगतात.

आता गोळे. व्हीगन गोळ्यांची दोन घराणी आहेत. पहिलं सोयाच्या किंवा वाटाण्याच्या प्रथिनांचं. कारखान्यात तयार झालेला खिमा आणून त्याचे गोळे वळतात. तो मांसासारखाच चावला जावा हा त्यामागचा उघड हेतू असतो. आनामा आणि 2015 मध्ये आलेला ऊम्फ हे त्यातले घराघरांत पोचलेले ब्रँड. दुसरं घराणं कडधान्यं, मशरूम, ओट आणि गाजर यांचं. मला दुसरं आवडतं. त्यातही एलांड बेटावरच्या तपकिरी घेवड्याचे गोळे असतील तर डोळे झाकून मागवा. या घेवड्याच्या नावाला 2010 पासून युरोपीय संघाचं संरक्षण आहे आणि तो शिजला की मऊ, दाटसर होतो, पिठूळ लागत नाही. अंड्याशिवाय गोळा फुटू नये म्हणून बटाट्याचं पीठ आणि फायबरहस्क घालतात. फायबरहस्क म्हणजे आपला इसबगोल. जगातला बहुतेक इसबगोल गुजरात-राजस्थानातून जातो, तोच इथल्या मीटबॉलला धरून ठेवतो. सासऱ्यांना हे जरूर सांगा. मिश्रण थंड करून, गोळे आधी ओव्हनमध्ये आणि मग तव्यावर परतले असतील तर ते बाहेरून खमंग आणि आतून ओलसर राहतात. थेट तळलेले कोरडे पडतात.

किळसेबद्दल माझा अनुभव असा, की आपल्याकडच्या ज्येष्ठांना दिसण्यापेक्षा चावण्याचा त्रास जास्त होतो. गोल गोळा तर कोफ्त्याचाही असतो. पण तंतू सुटायला लागले की घास तोंडातच थांबतो आणि पुढचं सगळं जेवण बिघडतं. तेव्हा वाढणाऱ्याला सरळ विचारा, गोळे कडधान्याचे की सोयाच्या खिम्याचे? रोज कुणीतरी विचारतंच, कुणाला वावगं वाटत नाही. सोयाचे असतील तर सासूबाईंसाठी दुसरं काहीतरी घ्या आणि तुम्ही मागवलेल्यातला एक त्यांच्या इच्छेवर सोडा. 'आधी खा, मग सांगते' हा प्रकार तर करूच नका. नवी मुंबईत तुर्भ्याच्या आयकियातले भाजीचे गोळे त्यांनी खाल्ले असतील आणि तेच डोक्यात असेल, तर एक फरक सांगून ठेवा. त्यात भाजी भाजी म्हणूनच दिसते. 2020 मध्ये त्याच कंपनीने युरोपात जे प्लांट बॉल आणले, ते वाटाण्याच्या प्रथिनांचे आणि मुद्दाम मांसाची आठवण करून देणारे आहेत. रेस्टॉरंटमध्ये या दोन्हींपैकी काहीही समोर येऊ शकतं.

पहिल्या भेटीला मी काय मागवेन? गुरुवार असेल तर एर्टसोप्पा, म्हणजे वाळलेल्या पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप. शुक्रवारच्या कॅथलिक उपवासाआधी पोटभर खाऊन घ्यायचं म्हणून गुरुवारची प्रथा पडली असं सांगतात. स्वीडन प्रोटेस्टंट होऊन शतकं लोटली, उपवास गेला, सूप राहिलं. लष्करात, शाळांत, साध्या हॉटेलांत अजूनही गुरुवारी तेच. वाटाणा तोच जो आपण रगड्याला भिजत घालतो. त्यात थाइम आणि मरवा घालतात. हो, गजऱ्यातला मरवा, फक्त इथे तो वाळवून भांड्यात जातो. मूळ सुपात डुकराचं मांस असतं, पण ते काढल्याने सूप पांगळं होत नाही, कारण दाटपणा आणि चव वाटाण्याचीच. वर थोडा धुरकट टोफू किंवा भाजलेलं कंदमूळ घालतात, आणि बाजूला मोहरीची पेस्ट येते. ती सुपात सगळी ढवळू नका, चमच्याच्या टोकाला लावून घासाघासाला घ्या. मागून पातळ पॅनकेक आणि जॅम. सोळाव्या शतकात राजा एरिक चौदावा याला वाटाण्याच्या सुपातून विष घातलं अशी आख्यायिका आहे. ती सासऱ्यांना सूप संपल्यावर सांगा. त्यांना एखादा घोट चालत असेल तर सुपासोबत गरम पुन्श पिण्याची रीत आहे. हे गोड मद्य अरकापासून करतात, आणि तो अरक इथे आणला 1731 मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीने. तिचं मुख्यालय गोथेनबर्गलाच होतं, त्या इमारतीत आता शहराचं संग्रहालय आहे.

गुरुवार नसेल तर बटाट्याकडे वळा. रोराकोर म्हणजे किसलेल्या कच्च्या बटाट्याचे पातळ, कडा जाळीदार झालेले थालीपीठवजा तुकडे. त्यात पीठ, दूध, अंडं काहीच नसतं, त्यामुळे लोण्याऐवजी तेलात परतले की झालं. रागमुंकमध्ये तोच किसलेला बटाटा दूध-मैद्या-अंड्याच्या पिठात असतो, व्हीगन ठिकाणी ओटच्या दुधात. सोबत लिंगोन. क्रॉपकाकोर म्हणजे बटाट्याच्या पारीत सारण भरून उकडलेले गोळे. सारणात डुकराच्या मांसाऐवजी मशरूम, कांदा आणि ऑलस्पाइस असतं. एलांडचे कच्च्या बटाट्याचे, करड्या रंगाचे आणि चिवट, तर स्मोलांडचे उकडलेल्या बटाट्याचे, पांढरे आणि मऊ. सासूबाईंना मऊच आवडतील असा माझा अंदाज. कोबीच्या पानात भात किंवा जव गुंडाळून सिरप लावून भाजलेले कोलडॉल्मार मिळाले तर तेही घ्या. नावातला 'डॉल्मा' तुर्की. राजा कार्ल बारावा पोल्टावाची लढाई हरून तुर्कांच्या आश्रयाला जाऊन राहिला होता, तेव्हापासूनचा हा संबंध.

माशांच्या नकलांबद्दल मात्र सावध करते. व्हीगन स्वयंपाकी यात फार रमतात आणि खरंच कौशल्याने करतात: शेपू-मीठ लावून मुरवलेलं गाजर साल्मनच्या जागी, समुद्री शेवाळाचे मोती माशांच्या अंड्यांच्या जागी, यान्सन्स फ्रेस्टेल्से या बटाट्याच्या पदार्थात मसालेदार लहान मासळीऐवजी शेवाळ आणि केपर. मासे खाऊन मग सोडलेल्यांना ते आवडतं. जन्मभर मासे न खाल्लेल्या माणसाला शेवाळाचा वास म्हणजे नुसता बंदरावरचा वास. एकच अपवाद: मोहरीच्या सॉसमध्ये मुरवलेलं वांगं. उन्हाळ्यात हेरिंग माशाऐवजी ते नव्या बटाट्यांबरोबर देतात. वांगं आणि मोहरी, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

मिळमिळीत लागेल का? तिखट म्हणाल तर काहीच नाही. मसाले आहेत, पण ते सुगंधाचे: पांढरी मिरी, ऑलस्पाइस, तमालपत्र, जायफळ. आणि शेपू, जो इथे भाजी म्हणून नाही तर वरून भुरभुरायला जवळपास सगळीकडे असतो. तो आपल्या शेपूपेक्षा सौम्य असतो. झणका हवा असेल तर हॉर्सरॅडिश हे झणझणीत मूळ किसून मागा, नाकातून पाणी काढतं. लसणीची चटणी पर्समधून काढू नका, ती घरीच बरी. खरी युक्ती लिंगोनची आहे. आपली माणसं ते जॅम समजून शेवटी पोळीला लावायला ठेवतात किंवा गोड म्हणून बाजूला सारतात. ते आपल्या ताटातल्या लोणच्याच्या जागेवर आहे. काट्यावर थोडा बटाटा, थोडा सॉस, गोळ्याचा तुकडा आणि वर दोन-चार लिंगोन, असा एकत्र घास घेतला की खारट, स्निग्ध, आंबट, गोड एकदम येतं आणि जेवणाचा अर्थ लागतो. वेगवेगळं खाल्लं तर सगळंच अळणी वाटतं. चांगल्या ठिकाणी ते न शिजवता साखरेत नुसतं चुरडलेलं असतं. या फळात बेंझोइक आम्ल मुळातच असल्यामुळे ते तसंच महिनोन्महिने टिकतं.

कांदा-लसणीचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं, कारण 'व्हीगन' म्हटल्यावर हेही सुटलं असं बरेच जण धरून चालतात. लसूण या स्वयंपाकात कमी. कांदा मात्र सॉसमध्ये, गोळ्यांत, सुपात, सारणात, सगळीकडे. आणि तो आधीच शिजवलेला असतो, सांगून काढता येत नाही. म्हणून हे जेवण शक्यतो आषाढीच्या आधीच उरका. नंतर जायचंच असेल तर रागमुंक आणि लिंगोन, शेपू घातलेले नवे बटाटे, आणि सिरप-व्हिनेगरमध्ये आंबटगोड शिजवलेला तपकिरी घेवडा. त्यात सहसा कांदा नसतो, तरी विचारून घ्या. आदल्या दिवशी फोन केलात तर स्वयंपाकघराला काहीतरी जमवता येतं. गर्दीच्या वेळी टेबलावर बसून विचारलंत तर उत्तर नाहीच असेल.

व्हीगन ठिकाणाचा मोठा फायदा तुम्हाला एरवी शोधाशोध करताना कळेलच. इथल्या साध्या रेस्टॉरंटमध्ये 'शाकाहारी' पदार्थात अंडं सर्रास असतं, चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, गोड पदार्थांत जिलेटिन. आणि 'लॅक्टोजमुक्त' लिहिलेलं म्हणजे दुधाचंच, फक्त लॅक्टोज फोडलेलं. व्हीगन पाटीखाली यातलं काही विचारावं लागत नाही, सासूबाई मेनूवर कुठेही बोट ठेवू शकतात.

वेळ दुपारची निवडा. साधारण अकरा ते दोन या वेळात 'डागेन्स', म्हणजे त्या दिवसाचं जेवण असतं. सव्वाशे ते दीडशे क्रोनांत मुख्य पदार्थ, सॅलड, ब्रेड, पेय आणि बहुतेक ठिकाणी कॉफीही येते. सॅलड, ब्रेड आणि कॉफी आपली आपण घ्यायची, जेवण झाल्यावर ट्रे बऱ्याच ठिकाणी आपणच नेऊन ठेवायचा. संध्याकाळी नुसत्या एका पदार्थाला याहून बरेच जास्त पडतात आणि तेच ते स्वयंपाकघर असतं, म्हणून पैसे वसूल करायचे असतील तर दुपारच. नळाचं पाणी फुकट मिळतं, रोख पैसे बरेच जण घेत नाहीत, टीप सक्तीची नाही.

तारखा मात्र नीट बघा. मिडसमर या इथल्या मोठ्या उन्हाळी सणाची पूर्वसंध्या 19 ते 25 जूनच्या दरम्यानच्या शुक्रवारी येते, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणं बंद. जुलैमध्ये छोटी रेस्टॉरंट्स आठवडेच्या आठवडे सुट्टीवर जातात, आणि जी उघडी असतात तीही मेनू आखडता घेतात. वाटाण्याचं सूप तर हमखास गायब होतं. म्हणून ते आल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच उरका, नाहीतर ऑगस्टच्या मध्यावर. तेव्हा शांटरेल मशरूम जंगलातून ताजे आलेले असतात आणि भाजलेल्या ब्रेडवर ते मिळाले तर मी लिहिलेलं बाकी सगळं बाजूला ठेवून तेच मागवा.

गोडात चॉकलेटचा चिकट क्लाडकाका व्हीगन पद्धतीनेही उत्तम होतो, अंड्याची उणीव कळत नाही. क्रीमचे केक मात्र ओटच्या मलईत बसके होतात, ते टाळा. स्ट्रॉबेरी इथे जून-जुलैत अप्रतिम असते, नुसती घेतली तरी चालेल. आणि कॉफीबरोबर दालचिनीच्या बनपेक्षा वेलचीचा बन घ्या. वेलची भरड कुटलेली असते, दाताखाली दाणे येतात, आणि सासूबाईंना त्या जेवणात पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं भेटेल.